फोन घेण्याआधी अंगणात रेंज बघा

परवा एका गटाच्या सचिव ताईने विचारलं, "मॅडम, हजाराचा फोन घेऊ का जास्तीचा?" बँकेचा ओटीपी तिच्याच नंबरवर येतो, म्हणून प्रश्न साधा नव्हता.

काही स्वस्त फोन एकाच कंपनीला बांधलेले असतात. २०२३ मध्ये ९९९ रुपयांत आलेल्या जिओभारतमध्ये जिओचंच सिम चालतं. तुमच्या गावात त्याची रेंज चांगली असेल तर खुशाल घ्या, पैसे वाचतात. पण आपल्या चिमूरकडं जंगलातली गावं. बाजारात भरपूर रेंज, घरी गेलं की गायब!

म्हणून आम्ही शेजारणींचे फोन मागून आणले आणि ताईच्या अंगणात फिरलो. एकाच कंपनीची रेंज आली, तीही मोहाच्या झाडाखाली. उद्या दुसऱ्या कंपनीचा टॉवर झाला तर? २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. १९०० वर पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर पाठवायचा, मग आधार घेऊन दुकानात जायचं. नंबर तर जातो हो, पण बांधलेला फोन सोबत जात नाही. तो डब्यातच.

ताई मोकळाच फोन घेणार आहे. दुकानात दोन कंपन्यांची सिम सोबत नेऊन, दोन्ही टाकून बघणार आहे.