टाकावे काय, राखावे काय

डिजिटल चित्र लहान करायचे म्हणजे त्याची मोडतोड आलीच, असा समज सर्वत्र आहे. माझे म्हणणे असे की, वारंवारतेच्या पट्ट्यांत, म्हणजे ढोबळ भाग ते बारकावे अशा थरांत, चित्र विभागल्याने मुळात काहीच हरवत नाही. हरवते ते पुढे, माणसाच्या निर्णयाने. शेजारचे दोन बिंदू घ्या. त्यांची उजळता १५२ आणि १४८. त्यांऐवजी सरासरी १५० आणि सरासरीपासूनचा फरक २ एवढेच लिहून ठेवा. बेरीज केली की १५२ मिळतात, वजाबाकी केली की १४८. सगळ्या सरासऱ्या एकत्र केल्या की चित्राचा ढोबळ भाग मिळतो, फरक एकत्र केले की बारकावे. सरासऱ्यांवर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करत गेले की पट्टे पडत जातात. आभाळ किंवा भिंत अशा सपाट जागी फरक शून्याच्या आसपास असतात. ते शून्यच धरले की जागा वाचते. आणि नुकसान होते तेही नेमके इथेच.

हा निर्णय किती जोखमीचा असतो, हे अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेपुढच्या प्रश्नातून दिसते. बोटांच्या ठशांचे एक कार्ड इंचाला ५०० बिंदू आणि २५६ करड्या छटा या हिशोबाने साठवले, तर सुमारे १० मेगाबाइट होते. आणि अशी कार्डे कोट्यवधी. १९९२ साली मान्य झालेले जेपीईजी तंत्र हाताशी होते. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली मांडलेल्या कोसाइन रूपांतरावर ते उभे आहे. पण ते चित्राचे ८ बाय ८ बिंदूंचे चौकोन पाडते, आणि ठशातल्या लगतच्या दोन रेषांमधले अंतर या मापाच्या जवळपासच भरते, साधारण १० बिंदू. चित्र आणखी लहान केले की चौकोनांच्या कडा रेषांमध्ये मिसळतात. म्हणून १९९३ साली वेव्हलेटवर, म्हणजे सरासरी आणि फरकांच्या वरच्याच पद्धतीच्या विकसित रूपावर, आधारलेले मानक स्वीकारले गेले. त्यात चौकोन नाहीत. अख्ख्या चित्राचे ६४ पट्टे पडतात आणि कोणत्या पट्ट्याचे आकडे किती ढोबळ करायचे, हे पट्ट्यागणिक ठरवता येते. आकार सुमारे पंधरापट घटतो आणि ओळख पटवणाऱ्या खुणा टिकतात.

यावर पहिला आक्षेप असा की, साठवण आता स्वस्त झाली, मग हा खटाटोप कशाला? पण साठवण स्वस्त झाली तशी चित्रेही वाढली, आणि ती केवळ ठेवायची नसतात, पाठवायचीही असतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पुराव्यातला कणभरही का टाकावा? जिथे शंकेला जागाच नको, तिथे टाकू नयेच. जेपीईजी २००० या नावाच्या, वेव्हलेटवरच आधारलेल्या मानकात त्यासाठी केवळ पूर्णांकांत होणारे रूपांतर आहे. त्यातून मूळ चित्र बिंदूसुद्धा न बदलता परत मिळते, फक्त बचत बरीच कमी होते. म्हणजे पट्ट्यांची पद्धत नुकसान लादत नाही. निवड आपल्यावर सोपवते. तेव्हा रुग्णालय, न्यायालय आणि अभिलेखागार यांनी चित्र किती लहान झाले, एवढेच विचारून थांबू नये. कोणता पट्टा टाकला, कोणत्या कामासाठी टाकला आणि मूळ प्रत कुठे आहे, या तिन्हींची नोंद चित्रासोबत ठेवावी. आपणही नागरिक म्हणून तिचा आग्रह धरावा.