पाळीचं भोक आणि घरातली बोलणी



नेवासा हे ऐकणाऱ्यांचं गाव. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पैस नावाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली, ती इथंच ऐकली गेली. त्या गावात कानाच्या पाळीवर बोलायचं म्हणजे धाडसच. पण पोरं कॉलेजात गेली की हल्ली हा विषय घरात निघतो. मुलाला पाळीचं भोक वाढवून त्यात टनेल, म्हणजे पोकळ कडं, घालायचंय, आणि आईबाबांना नुसतं ऐकूनच घाम फुटतो. ‘ही कसली थेरं?’ बोलणं तिथंच संपतं.

आता जरा मागचं आठवा. बाळ मामाच्या मांडीवर. सोनार बारीक तार पाळीतून आरपार घालतो, टोकं जुळवून पिळतो. बाळ किंचाळतं, आजी डोळे पुसत हसते. तेव्हा बाळाला कुणी विचारलं होतं? तोच पोरगा एकोणिसाव्या वर्षी आधी विचारतोय, तर त्याचं म्हणणं पुरतं ऐकून तरी घ्या.

‘हे बाहेरचं फॅड’ असं म्हणाल, तर सुश्रुतसंहिता काढा. सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कानांचाच आहे. टोचल्यावर दर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जाड वात घालायची, सूज-दुखणं गेलं की वर्धनक घालून भोक वाढवायचं. त्याच अध्यायात फाटलेली पाळी जोडायच्या पंधरा तऱ्हा आहेत. म्हणजे वाढवणारे होते आणि फाडून घेणारेही भरपूर होते! वेरूळच्या दहाव्या लेण्यातला बुद्ध पाहा, पाळ्या लांब आणि रिकाम्या. आपल्याच जिल्ह्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे. नाथपंथी कानफाटे कुंडलं घालतात, पण ते पाळी वाढवत नाहीत, कानाचा मधला कूर्चेचा भाग चिरतात. पोरांनी घरात दाखला देताना तेवढा फरक लक्षात ठेवावा, नाहीतर आजोबा तिथंच पकडतील.

मात्र सुश्रुतावर बोट ठेवून सुटता येणार नाही. आईबाबांची भीती खोटी नसते. जड झुब्यांनी आजीची पाळी ओघळलेली त्यांनी पाहिलेली असते. भार केसांवर घ्यायला वेल लावायची वेळ आलेली असते. आणि घाई केली की पाळीच्या आतली कातडी फाटते, मागच्या बाजूला बाहेर येते, पाळी पातळ पडते. भोक वाढवायच्या दोन टप्प्यांच्या मध्ये आठवडे नव्हे, महिने जाऊ द्यावे लागतात. साधारण आठ-दहा मिलिमीटरच्या पुढं गेलं की भोक आपोआप मिटेल याची खात्री नाही. मग टाके घालून घ्यावे लागतात. मधुमेह असेल किंवा जखमेचा वण फुगत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

म्हणून पोरांनो, ‘कान माझा आहे’ एवढंच म्हणू नका. मोजपट्टी घेऊन बसा. किती मिलिमीटरवर थांबणार, किती महिने लावणार, भोक कोण वाढवणार, पिकलं तर काय करणार, ते आईसमोर सांगा. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. पाहुणे बसलेले असताना नको. मामाला मध्ये घातलंत तरी चालेल, पहिल्या वेळी मांडी त्याचीच होती.

एवढं करूनही आई विचारेलच, ‘लग्नात काय करणार?’ कातडीच्या रंगाचे प्लग मिळतात. तेही दाखवा.