वाजविणारे आणि वाजणारे
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



"काहीतरी हलकेफुलके बोला," असा चिटणीसबाईंचा हुकूम आहे. ज्या घरात तबला वाजतो, त्या घरच्या बाईला विषय शोधीत लांब जावे लागत नाही.

वादकाचे निम्मे आयुष्य वाद्य जुळविण्यात जाते आणि उरलेले निम्मे ते जुळले नाही म्हणून चरफडण्यात. आमच्याकडे हातोडी आहे, पण खिळा ठोकायला मिळत नाही, ती तबल्याची! पावसाळ्यात पुडीचे चामडे सैल पडते, सूर उतरतो आणि त्याबरोबर यजमानांचा चेहराही. मग गट्ट्यांवर ठोकठोक सुरू. शेजारच्या वहिनींनी एकदा कौतुकाने विचारले, "भावजी काल वाजवीत होते तो ताल कोणता?" अहो, ते नुसता तबला लावीत होते!

तंबोऱ्याचे दुखणे नाजूक. मिरजेच्या कारागिराने भोपळ्यापासून तो घडवावा, घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढावी आणि तो धागा केसभर हलला की सगळे मुसळ केरात. मागे बसलेली मुलगी दोन-दोन तास चार तारा छेडते. गवई बेसूर झाला की मान वळवून बघतो मात्र तिच्याकडे. पत्रिकेत तिचे नाव शोधून पाहा, सापडले तर मला कळवा. आता विजेवरचा डबीतला तंबोरा निघाला आहे. त्याच्यावर डोळे वटारून उपयोग नाही, एवढीच गवयांची अडचण.

पण माझा जीव पेटीत. पॅरिसमध्ये १८४२ साली हिचे पेटंट घेतले गेले, तेव्हा ही खुर्चीवर बसून पायाने वाजवायची. आपल्याकडे आली आणि चांगल्या सुनेसारखी जमिनीवर बसायला शिकली. तरी सासुरवास चुकला नाही. हिचे सूर ठोकून बसवलेले, हिला मींड येत नाही, श्रुती कळत नाहीत, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने हिला दाराबाहेर काढले. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले! गोविंदराव टेंब्यांनी ज्या वाद्यावर मैफली गाजवल्या, त्याची ही गत. त्या तीस वर्षांत पेटीला जागा दिली ती नाटकवाल्यांनी आणि भजनाला बसणाऱ्या बायकांनी. मींड आम्हांलाही येत नव्हती, त्यामुळे जमले.

आता आपली पेटी. तिचा भाता उंदरांनी कुरतडला आहे आणि पंचम एकदा दाबला की आरती संपेपर्यंत उठत नाही. ती मोडीत काढावी, सुरासाठी मोबाईल आहेच, असे कार्यकारिणीत निघाले आहे. मोबाईल सूर देईल हो, पण नव्या सुनेचा हात धरून तिला सा कोठे आहे ते तो दाखवील काय? आपल्यांतल्या निम्म्या जणी सा-रे-ग-म शिकल्या त्या याच पेटीवर, आणि कित्येकींनी घराबाहेर पहिल्यांदा आवाज काढला तोही इथेच.

दाराशी डबा ठेवला आहे. नवा भाता बसेपर्यंत गुरुवारच्या भजनाला हीच पेटी लागेल. फाटक्या भात्याला दोघी लागतात, एक वाजवायला आणि एक भोक दाबून धरायला. जिचा हात मोकळा असेल तिने जरा आधी यावे.