नभोवाणीवरील मुलाखत : पूर्वतयारी आणि प्रत्यक्ष
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्यातील वयोवृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचा संकल्प मंडळाने केला आहे, आणि त्या कामी तरुण मंडळींना चार शब्द सांगावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. नभोवाणीसाठी काही वर्षे मी मुलाखती घेतल्या, एवढाच माझा अधिकार.

आपल्या छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेस, नभोवाणी नवी नव्हे. निजामी राजवटीतच येथे एक केंद्र होते. १९५० साली ते आकाशवाणीकडे आले, पुढे बंदही झाले, आणि आजचे केंद्र त्यानंतर बऱ्याच वर्षांनी उभे राहिले. मधल्या काळात मुक्तिसंग्रामातील किती माणसे काही न सांगताच गेली असतील!

मुलाखतीची पहिली तयारी वाचनाची. १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वामी रामानंद तीर्थांना अटक झाली, १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली, हे सारे ग्रंथांत आहे. ते वृद्धाला विचारणे म्हणजे त्याची परीक्षा घेणे होय. एखादी तारीख चुकली की तो ओशाळतो आणि पुढचे सारे जपून बोलतो. तारखा आपण पाठ कराव्यात. त्याला विचारावे ते हे, की शरणागतीची वार्ता गावात कोणी आणली, आणि त्या वेळी घरात काय चालले होते.

पैठणच्या एका विणकरास मी विचारले, "एका पैठणीस किती दिवस लागतात?" उत्तर एका आकड्यात संपले. मग विचारले, "पदरातला मोर चुकला तर काय करता?" त्याने हातातले काम थांबविले आणि बराच वेळ बोलत राहिला. 'किती'ने आरंभ केला की आकडा मिळतो. हकीकत हवी असेल तर 'कसे' विचारावे.

यंत्राविषयी थोडेच सांगतो, कारण आता ते प्रत्येकाच्या खिशात आहे. पंखा बंद करावा, ध्वनिग्राहक तोंडापासून वीतभर ठेवावा. आपण 'हं, हं' करू नये, मान डोलवावी. उत्तर संपलेसे वाटले तरी मनात पाच अंक मोजावेत. पुष्कळदा खरे उत्तर त्यानंतरच येते. आणि समोरचा 'हे बाहेर सांगू नका' म्हणाला, तर ते सांगू नये, मग ते कितीही रसाळ असो.

आता माझी एक चूक. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका स्वातंत्र्यसैनिकाकडे मी गेलो होतो. तयारी अपुरी होती, म्हणून सगळे आळशी मुलाखतकार विचारतात तेच विचारले : "त्या वेळी आपणांस काय वाटले?" ते म्हणाले, "काय वाटणार? बरे वाटले." इतक्यात माजघराच्या दाराशी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "रझाकार आले त्या रात्री मी धान्याच्या कणगीत..." मुद्रण बिघडेल या भीतीने मी "काकू, जरा थांबा" म्हणालो आणि यजमानांना पुढचा प्रश्न घातला.

चूक उमगली तेव्हा वर्ष लोटले होते. पुन्हा गेलो, तो काकू निवर्तल्या होत्या. कणगीत त्या स्वतः लपल्या होत्या, की मूल लपविले होते, की आणखी काही, हे यजमानांनाही ठाऊक नव्हते. ते तेव्हा सरहद्दीवरील छावणीत होते, आणि घरी परतल्यावर त्यांनीही कधी विचारले नव्हते. ध्वनिफितीवर ते अर्धे वाक्य आहे, आणि लगेच माझा आवाज.

मंडळाने केलेली यादी मी पाहिली. तीत बहुतेक पुरुषांचीच नावे आहेत. त्यांच्या घरातील आजी, काकू, आत्या यांची नावे तीत घालावीत, अशी चिटणीसांना माझी विनंती आहे. आणि त्यांच्याकडे जाल तेव्हा पुरुषमंडळींना बाहेरच्या ओसरीवर चहा द्यावा.