व्हेरिकोसील : शस्त्रक्रियेची भीती आणि वस्तुस्थिती

मूल होत नाही म्हणून घरातील सुनेला दवाखान्यात नेले जाते. तिच्या पतीची तपासणी करावी, हे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः अपत्यहीनतेच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषातील दोष पूर्णतः वा अंशतः कारणीभूत असतो. त्यांपैकी नेहमी आढळणारा आणि उपचार होऊ शकणारा दोष म्हणजे व्हेरिकोसील.

वृषणातील रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होणे, असे या विकाराचे स्वरूप आहे. सुमारे १५ टक्के पुरुषांत तो आढळतो. डाव्या वृषणाची शीर लांब असून मूत्रपिंडाच्या शिरेस काटकोनात मिळते. त्यामुळे तो बहुधा डाव्या बाजूस होतो. शुक्रजंतूंच्या निर्मितीसाठी वृषणाचे तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंश सेल्सिअसने कमी असावे लागते. साचलेल्या रक्ताने ते वाढते, शुक्रजंतूंची संख्या व हालचाल घटते आणि काहींच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरकही कमी होते.

एडिंबरोचे शल्यविशारद टलॉक यांनी १९५५ साली आपले अनुभव प्रसिद्ध केल्यावर या शस्त्रक्रियेकडे वैद्यकविश्वाचे लक्ष वेधले गेले. तिच्यात लहानसा छेद घेऊन फुगलेल्या शिरा बांधल्या जातात. ही नसबंदी नव्हे. शुक्रवाहिनीला धक्का लावला जात नाही. लिंगाच्या ताठरतेशी संबंधित मज्जातंतू व रक्तवाहिन्या वेगळ्या असल्याने पुरुषत्व जाण्याची भीती अनाठायी आहे.

तथापि, ही शक्तिवर्धनाची शस्त्रक्रियाही नव्हे. टेस्टोस्टेरॉन मुळात कमी असल्यास ते काहीसे वाढू शकते. योग्य प्रमाणात असल्यास विशेष फरक पडत नाही. वीर्यात दोष नसेल, वेदना नसतील, तर शस्त्रक्रियेची सहसा आवश्यकताच नसते. नवे शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागतात. म्हणून फेरतपासणी तीन महिन्यांनी करतात. प्रत्येकास अपत्यप्राप्ती होईलच, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. ताकदीसाठी परस्पर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणे तर घातकच. त्यांनी शुक्रजंतूंची निर्मिती थांबू शकते.

वीर्यतपासणी सोपी व अल्पखर्चाची आहे. तिला पुरुषाने संकोचाने नकार द्यावा आणि दोष मात्र स्त्रीने आयुष्यभर वाहावा, हा अन्याय थांबला पाहिजे. शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी एवढी एक गोष्ट गावाला पटवून दिली, तरी अनेक संसार सावरतील.