आत वळलेला आकार

या व्याख्यानाचा विषय रोजच्या पाहण्यातला आहे. वाटी आतून पाहिली तर खोलगट, बाहेरून पाहिली तर फुगीर दिसते. तिची भिंत मात्र एकच असते. म्हणूनच एखाद्या आकाराला अंतर्गोल म्हणताना तो कोणत्या बाजूने पाहिला, हेही सांगावे लागते.

भूमितीतील कसोटी सोपी आहे. आकृतीतील कोणतेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडावेत. एखादी जरी रेषा आकृतीबाहेर गेली, तरी तेथे खाच किंवा पोकळी आहे असे समजावे. चंद्रकोर हे याचे परिचित उदाहरण होय.

प्रकाशशास्त्रात हाच आकार दोन परस्परविरुद्ध कार्ये करतो. अंतर्गोल भिंग किरण पसरविते. दूरचे अंधुक दिसणाऱ्यांच्या चष्म्यात ते असते. अंतर्गोल आरसा किरण एकत्र आणतो. न्यूटनने १६६८ मध्ये अशाच धातूच्या आरशाची दुर्बीण तयार केली. तमिळनाडूतील कावलूर येथे १९८६ मध्ये कार्यान्वित झालेल्या वेणू बाप्पू दुर्बिणीच्या आरशाचा व्यास २.३४ मीटर आहे.

हा बाक किती काटेकोर असावा लागतो, हे हबल दुर्बिणीने दाखवून दिले. १९९० मध्ये ती अवकाशात सोडल्यावर प्रतिमा अस्पष्ट येऊ लागल्या. २.४ मीटर व्यासाच्या आरशाची कड सुमारे २.२ मायक्रोमीटरने अधिक सपाट घासली गेली होती. १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तेथे जाऊन दोष दूर करणारी उपकरणे बसविली, तेव्हा तिला नीट दिसू लागले.

ध्वनीही या आकाराचे नियम पाळतो. विजापूरच्या गोलघुमटातील सज्जात भिंतीशी कुजबुजलेले शब्द तिच्या वळणाच्या कडेकडेने जातात आणि समोरच्या टोकाला स्पष्ट ऐकू येतात.

अर्थशास्त्रात आकार उरतो तो केवळ आलेखाचा. संपत्ती वाढत जाते तसतशी प्रत्येक नव्या रुपयाची उपयुक्तता घटते, असे डॅनियल बेर्नुली याने १७३८ मध्ये मांडले. ही रेषा वर चढते, परंतु हळूहळू आडवी होत जाते. खालून पाहिल्यास ती खोलगट दिसते. उत्पन्नाबरोबर कराचा दरही वाढावा, या मताला पुढे याच विचाराचा आधार मिळाला. शंभर रुपये मजुराच्या घरी आठवड्याची चिंता हलकी करतात, तर सावकाराच्या वहीत ती केवळ आणखी एक ओळ असते. या दोन घरांमधील अंतर म्हणजेच त्या रेषेचा बाक होय.