दारावरच्या दोन पाट्या
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली गृहिणी. भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

दक्षिण कोरियाचे किम दे-जुंग विरोधी पक्षाचे पुढारी होते. १९७१ साली ते अध्यक्षपदाच्या निवडणुकीत थोडक्यात हरले, पण सत्ताधारी धास्तावले. १९७३ साली जपानातील एका हॉटेलातून त्यांना पळवून बोटीवर नेले. जीवच जायचा, पण वाचले. १९८० साली लष्करी राजवटीने त्यांना फाशी सुनावली. जगभरातून आवाज उठला, शिक्षा कमी झाली. १९८२ च्या अखेरीस त्यांना अमेरिकेत जावे लागले. १९८५ साली ते धोका पत्करून मायदेशी परतले. पुढे आणखी दोन निवडणुका हरले. चौथ्या खेपेस, डिसेंबर १९९७ मध्ये, सत्तरी उलटल्यावर निवडून आले. ज्यांच्या राजवटीत फाशी सुनावली गेली, त्या चुन दू-ह्वान यांच्या सुटकेला त्यांनी संमती दिली. केवढे हे मन!

त्या वेळी देशावर परकीय कर्जाचे संकट होते. १९९८ च्या आरंभी सुमारे ३५ लाख लोकांनी घरचे सोने आणून दिले. लग्नातल्या अंगठ्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या अंगठ्यासुद्धा! मोबदला मिळाला, पण लग्नातली अंगठी बोटातून काढताना काय वाटते, ते आपल्याला सांगायला नको. २००० साली किम उत्तर कोरियाच्या नेत्यांना जाऊन भेटले, आणि त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण मला आठवण राहिली ती त्यांच्या पत्नीची. ली ही-हो. लग्नाआधीपासून त्या स्त्रियांच्या हक्कांसाठी झटत होत्या. १९६२ साली लग्न झाले. पती तुरुंगात असताना त्या पत्रे लिहीत राहिल्या, परदेशांत दाद मागत राहिल्या. किम यांनी घराच्या दारावर दोन पाट्या लावल्या होत्या: एक स्वतःच्या नावाची, शेजारी पत्नीच्या नावाची. सारखा मान!

आमच्या दारावर यांचेच नाव आहे. बावीस वर्षे ती पाटी मीच पुसते. परवा भीतभीत यांना विचारले, "माझेही नाव लावू या का?" हे काही बोलले नाहीत, रागावलेही नाहीत.

भगिनींनो, मी पुन्हा विचारणार आहे. किम अध्यक्षपदासाठी चार वेळा उभे राहिले. मला दुसऱ्यांदा विचारायला काय हरकत आहे?